सीतेची वेणी मातीत का मरते?

माझी पहिली सीतेची वेणी मी शेणखत घालून मारली. मे महिना होता. गावाहून पुण्याला परतताना घाटात रस्त्याच्या कडेला एक जण रोपांच्या जुड्या मांडून बसला होता. जाड, पन्हळीसारखी पानं आणि त्यांतून खाली लोंबणारा, जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेला गजरा. घासाघीस करून एक जुडी घेतली. घरी आल्यावर दहा इंची कुंडी काढली, तांबडी माती भरली, शेणखत घातलं, वर मूठभर निंबोळी पेंड. रोज सकाळी तांब्याभर पाणी. जास्वंदीला मानवतं ते हिलाही मानवेल, इतका साधा हिशेब.

पावसाळाभर पानं हिरवीगार राहिली, त्यामुळे मी खुशीत. दिवाळीनंतर एक पान नुसता हात लागताच सुटून आलं. मग त्याच्या वरचं. उपटून पाहिलं तर मातीखाली मुळं अशी उरलीच नव्हती. काळे, बुळबुळीत दोरे होते. चिमटीत धरून ओढले की साल निघून आत तारेसारखी शीर तेवढी राहायची. आतेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, झाडार वाढता ता. मातयेत कित्याक पुरलंस?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर कळायला मला बरीच वर्षं लागली आणि ते कळल्यावर पाणी कधी, कुंडी कसली, खत किती, हे वेगळं कुणाला विचारावं लागलं नाही.

सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किडच्या घराण्यातली. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत, हिमालयाच्या पायथ्याने ईशान्य भारतात आणि पुढे म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम ते फिलिपीन्सपर्यंत ती झाडांवर वाढते. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं हे राज्यफूल. आसामात तिला कपौ फूल म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर रंगाली बिहू येतो तेव्हा नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यात ती हवीच. आपल्याकडे ती थोडी उशिरा, मे-जूनमध्ये फुलते. तिकडे ती केसांत माळतात, इकडे तिच्या नावातच वेणी आहे. काही गावांत हेच नाव एरिडिस नावाच्या दुसऱ्या आमरीलाही लावतात. ओळखायची खूण सोपी: एरिडिसच्या फुलांमधून मधला दांडा दिसतो, हिची फुलं इतकी दाटीने येतात की दांडा शोधावा लागतो. एका गजऱ्यात शंभरावर फुलं सहज असतात.

ती झाडावरची आहे हे जुन्या लोकांनी नावातच सांगून ठेवलं होतं. डचांच्या काळात मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान ॲम्स्टरडॅमला छापला गेला. (त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं १६७५ सालचं निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे, हे जाता जाता सांगायचा मोह आवरत नाही.) या ग्रंथात ही वनस्पती 'अंजेली मरावरा' म्हणून येते, अंजेली हे फणसाच्या जातकुळीतलं जंगली झाड. पुढे १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हिला 'एपिडेंड्रम' या नावाखाली घातलं, त्याचा अर्थच झाडावरचं. १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजचं नाव दिलं. त्यातला 'रेट्युसा' हा शब्द पानाच्या टोकाबद्दल आहे. पानाचं टोक निमुळतं नसतं. एखाद्या किड्याने कुरतडल्यासारखी तिथे खाच असते. नवख्यांना तो रोग वाटतो. नाही, ते तसंच असतं.

झाडावर वाढते म्हणून कोकणात पुष्कळ जण हिला बांडगूळ समजतात आणि कलमांची साफसफाई करताना कोयत्याने खरवडून टाकतात. हा अन्याय आहे. बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवून तिचं पाणी पितं, म्हणून त्याच्या पुढची फांदी वठते. आमरी नुसती बसलेली असते. तिची मुळं सालीवरून, फटीफटीतून पसरतात, आत शिरत नाहीत. तिला झाड लागतं ते उंची, उजेड आणि वारा मिळावा म्हणून. खाणंपिणं तिचं तिचं.

मग ती पिते काय? आतेच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

जिवंत वेणीचं मूळ हातात घेऊन बघा. पेन्सिलीहून थोडं बारीक, रंग चुन्यासारखा पांढरट, टोकाला मात्र ओला, चकचकीत हिरवा शेंडा. त्या पांढऱ्या भागावर बोटाने पाण्याचा एक थेंब टेकवा. थेंब घरंगळत नाही. टीपकागदावर पडावा तसा जागच्या जागी शोषला जातो आणि काही सेकंदांत तेवढाच ठिपका हिरवा होतो. मी हे पाहुण्यांना करून दाखवते.

हिरवा का होतो? त्या मुळाभोवती मेलेल्या पेशींचं जाडसर वेष्टण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्या पोकळ पेशींत हवा भरलेली असते, म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी शिरलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हिरवं मूळ दिसू लागतं. भिजलेल्या पंच्यातून अंग दिसतं ना, तसंच. आणि हो, आतलं मूळ खरोखरच हिरवं असतं, पानासारखं उजेडात अन्न तयार करणारं. मातीत पुरलेल्या मुळाला हे सुख नाही.

झाडाच्या सालीवर पाणी साठत नाही. सर येते, दहा मिनिटं धार वाहते आणि ऊन पडलं की पुन्हा कोरडं. त्या दहा मिनिटांत जेवढं पकडता येईल तेवढं पकडायचं, हे या वेष्टणाचं काम. पहिल्या पावसाचं पाणी पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला पाचोळा असं सगळं धुऊन आणतं, म्हणजे तेच खत. सर गेली की वेष्टणात परत हवा भरते आणि आतलं मूळ श्वास घेतं. भिजणं आणि वाळणं, दोन्ही हवं. ओल्या मातीत पुरलं की वेष्टण कायम पाण्याने भरलेलं राहतं, हवा आत जात नाही, मूळ गुदमरतं आणि मग बुरशी उरलेलं काम उरकते. माझ्या कुंडीत झालं ते हेच. शेणखताने फक्त घाई केली.

म्हणून कुंडीचा विषय निघाला की मी विचारते, अंगण आहे का? असेल तर कुंडीच्या भानगडीत पडू नका. आंबा, फणस, चिकू, ऐन, खरबरीत सालीचं कुठलंही झाड चालेल. पेरू आणि निलगिरी नकोत, त्यांची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर रोपही. जूनचा पहिला आठवडा उत्तम, कारण मुळांचे शेंडे तेव्हा धावत असतात आणि पावसाळाभर त्यांना साल पकडायला वेळ मिळतो. छातीच्या उंचीवर, सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला रोप टेकवा आणि काथ्याने किंवा जुन्या सुती साडीच्या चिंधीने घट्ट बांधा. हलतं रोप धरत नाही. मुळाचा शेंडा सालीला चिकटायला बघतो आणि वाऱ्याने पुन्हा पुन्हा सुटतो. मुळांवर माती, शेण, ओला नारळाचा भुसा काही थापू नका. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिंधी कुजून गळेल, तोवर मुळांनी झाड धरलेलं असेल.

बाल्कनीवाल्यांना दोन वाटा. एक, आंब्याच्या फांदीचा हातभर तुकडा घेऊन त्यावर असंच बांधायचं आणि तो टांगायचा. दुसरी, सागाच्या पट्ट्यांची उघडी टोपली. तिच्यात लाकडी कोळशाचे सुपारीपेक्षा मोठे तुकडे आणि जोडीला थोडे विटांचे तुकडे टाकायचे, तेही रोप उभं राहण्यापुरतेच. फांदीवरचं रोप झपाट्याने वाळतं, म्हणून त्याला जास्त वेळा पाणी लागतं. टोपली थोडी सबुरीची. नोकरी करणाऱ्याने टोपली घ्यावी. मुळं टोपलीतून बाहेर येऊन हवेत लोंबायला लागली की माणसं ती आत कोंबायला बघतात. राहू द्या. तशी लोंबणं हेच त्यांना आवडतं, आणि वाकवली की ती काडकन मोडतात.

पाण्याचं वेळापत्रक सांगण्याआधी एक गंमत सांगते. मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने २०० वर्षांपूर्वी पानफुटीची पानं चावून पाहिली होती. सकाळी आंबट, दुपारी बेचव. हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. कारण पुढे कळलं: अशा वनस्पती पानांवरची छिद्रं उन्हाच्या वेळी मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेली हवा त्या आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा उजेड मिळाला की वापरतात. झाडांवर वाढणाऱ्या जाड पानांच्या अनेक आमऱ्यांचा हाच शिरस्ता आहे. दुष्काळी गावातल्या शहाण्या बाईसारखा हिशेब: पाणी मोजून, काम रात्री.

त्यामुळे तिला रात्र जरा गार आणि दमट लागते, आणि हवा खेळती. बंद खोलीत, एसीमध्ये ती रडते. पाणी सकाळी द्यायचं, भरपूर, मुळं पांढऱ्याची हिरवी होईपर्यंत. मग दुपारपर्यंत ती परत पांढरी झाली पाहिजेत. झाली नाहीत तर हवा कमी पडते आहे. उन्हाळ्यात पुण्यासारख्या कोरड्या गावात मी सकाळी पाणी देते आणि संध्याकाळी नुसत्या मुळांवर फवारा मारते. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर पाऊसच पुरे. डिसेंबर ते फेब्रुवारी हात आखडता घ्यायचा, दोन-तीन दिवसांतून एकदा. हे आळशीपणा म्हणून नाही. जंगलात दिवाळीपासून मेपर्यंत पाऊस नसतो, दव तेवढं असतं. पानं थोडी सुरकुततात आणि तो कोरडा काळ संपता संपता फुलाचा दांडा दिसायला लागतो. हिवाळ्यात लाडाने भिजवत ठेवलेली रोपं पानांवर पानं काढतात आणि फुलायचं विसरतात.

बोअरचं पाणी जड असतं. मुळांवर पांढरा, खडबडीत थर चढतो आणि तो पाणी टाकूनही हिरवा होत नाही. तो क्षार आहे. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवता आलं तर सोनं.

आता शेंडा. ही आमरी एकाच शेंड्याने वर वर वाढते. नवं पान नेहमी मधूनच येतं. गुलाबाची फांदी छाटली तर दोन फुटतात, तसं इथे नाही. शेंडा सडला की खेळ बहुतेक वेळा आटोपला. नशीब असेल तर बुडातून एखादं पिल्लू फुटतं. आणि शेंडा सडतो तो पन्हळी पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचल्याने. जंगलात नीट पाहिलंत तर ही रोपं फांदीवर सरळ उभी नसतात, तिरकी किंवा खाली झुकलेली असतात. साचलेलं पाणी आपोआप ओघळून जातं. आपण मात्र कुंडीच्या सवयीने ती शिस्तीत उभी करतो. तिरकी बांधा. एवढ्या एका गोष्टीने माझी निम्मी मर कमी झाली. बेचक्यात पाणी राहिलंच तर कापडाच्या टोकाने टिपून घ्यावं. सड दिसली तर विस्तवावर धरून गार केलेल्या पात्याने निरोगी हिरवं लागेपर्यंत कापायचं आणि आठवडाभर कोरडं ठेवायचं.

उजेडाचं गणित पानांच्या रंगावरून कळतं. गडद, काळपट हिरवी पानं म्हणजे सावली फार; दिसायला छान, पण फूल येत नाही. पोपटी हिरवी, कडेला किंचित जांभळट झाक असली तर बरोबर. पिवळी पडून तपकिरी डाग आले तर ऊन भाजतंय. पूर्वेची बाल्कनी उत्तम. गच्चीवर असेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा. दुपारचं एप्रिलचं ऊन थेट नको.

खत म्हणाल तर दुकानात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) पुरतं. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, तेही आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतासाठी असतं, ते विसरा. हिवाळ्यात बंद.

कीड फार नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पातळ पाण्यात कापूस बुडवून पुसून घ्यायचा. खरा शत्रू पावसाळ्यातल्या गोगलगायी. त्यांना मुळांचे कोवळे हिरवे शेंडेच आवडतात, आणि शेंडा खाल्ला की ते मूळ तिथेच थांबतं. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन फिरा, हाताने वेचा. दुसरा इतका खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

बिया पेरून रोपं करता येतील का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बोंड धरलं तर त्यात लाखभर बिया असतील, पण त्या पिठासारख्या. फुंकर मारली की गेल्या. हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी भरलेली असते. आमरीच्या बीजात शिदोरीच नसते. जंगलात एक विशिष्ट बुरशी त्या बीजात शिरते आणि त्याला खाऊ घालते, तेव्हाच ते रुजतं. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नातं ओळखलं. अमेरिकेत लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर), जंतुविरहित बाटलीतही बीज रुजतं. आज बाजारात मिळणारी प्रयोगशाळेतली रोपं याच युक्तीची संतती. सिक्कीममध्ये पाकयोंगला ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, अरुणाचलात टिपीलाही ऑर्किड संशोधन केंद्र आहे. तिथेही काम बाटलीतूनच सुरू होतं. बाटलीतून निघालेलं बोटभर रोप फुलायला काही वर्षं जातात. कुंडीत बी टाकून काही होणार नाही.

यावरून घाटातल्या त्या जुडीकडे परत येते. जंगलातून ओरबाडलेल्या रोपाची मुळं सालीबरोबर तुटलेली असतात, आणि सालीवर पकड घेतलेलं जुनं मूळ नव्या जागी तशी पकड पुन्हा घेत नाही. पण जाड पानांत पाण्याचा साठा असतो, म्हणून ते रोप चार-सहा महिने ताजंतवानं दिसतं. विकत घेणाऱ्याला वाटतं जगलं. ते जगत नसतं, साठवणीचं खात असतं. माझं रोप मातीत गेलं नसतं तरी कदाचित वाचलं नसतं, हे मला उशिरा उमगलं. शिवाय राखीव वनातून रोप काढणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून आता मी प्रयोगशाळेत तयार झालेलीच रोपं घेते, बिलासकट, आणि घेताना फुलं बघत नाही. रोप उलटं करून मुळं बघते. पावसात स्वतःच्या वाडीतली फांदी मोडून पडली तर मात्र तिच्यावरची वेणी जरूर उचला आणि शेजारच्या झाडाला बांधा.

परदेशी राहणाऱ्या भाचरांना सांगणं एवढंच, की सुटकेसमध्ये कपड्यांखाली दडवून नेऊ नका. ऑर्किडचं आख्खं घराणं साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. परवाना आणि रोग नसल्याचा दाखला नसेल तर विमानतळावर रोप जातं आणि वर दंड. तिथल्या रोपवाटिकांत ही जात मिळते, तिथलीच घ्या.

माझ्या बाल्कनीत आता तीन वेण्या आहेत. त्यांतल्या सगळ्यात जुनीने टोपली कधीच मागे टाकली आणि मुळं थेट खिडकीच्या ग्रिलवर नेली. गेल्या दिवाळीला रंगारी आला तेव्हा तो ती खरवडायलाच निघाला होता. त्याला थांबवलं. आता सगळं ग्रिल पांढरं आहे आणि हातभर पट्टी जुन्या हिरव्या रंगाची.